माझ्या उजवीकडची जागा

"त्या मुलीच्या उजवीकडं बसू नका गं. लगेच आपल्यावर येतं."

स्वयंपाकघरात कपबशा मांडणाऱ्या बाईंनी हे दुसरीला सांगितलं आणि दोघी हसल्या. मी दाराबाहेर वाकून सॅंडलचा पट्टा सोडवत होते, त्यामुळं त्यांना दिसत नव्हते. हसणं कुत्सित नव्हतं. पंखा आवाज करतो, त्याखाली बसू नका, असं सांगावं तितक्या साधेपणानं त्या बोलल्या होत्या. शिवाय त्यांचं म्हणणं खरं होतं.

आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. दोन गीतं, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचे चार शब्द आणि शेवटी साखळी प्रार्थना. सगळ्यांनी गोलात बसून एकमेकांचे हात धरायचे आणि डोळे मिटायचे. एकानं प्रार्थना सुरू करायची, आमेन म्हणायचं आणि उजवीकडच्याचा हात दाबायचा. म्हणजे आता तुमचा नंबर. ज्याला मोठ्यानं बोलायचं नसेल त्यानं काही न बोलता नुसता हात दाबून पुढं पाठवायचं. कुणी त्याबद्दल विचारत नाही. ही सोय लहान मुलांसाठी असते, नवख्या माणसांसाठी असते, घसा बसलेल्यांसाठी असते. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझा घसा ठीक होता. तरी सांगलीत आल्यापासून वर्षभर मी दर बुधवारी तेच करत होते. डावीकडून दाब आला की माझा उजवा हात आपोआप मिटायचा, इतक्या लवकर की मध्ये कुणी बसलंय असं वाटूच नये.

त्या दिवशी मी आत जाऊन नेहमीसारखी भिंतीकडेला बसले. माझ्या उजवीकडची खुर्ची रिकामी राहिली. माणसं येत होती, एकमेकांना सलाम करत होती आणि दुसरीकडं बसत होती. मी मोबाईलमध्ये काहीतरी वाचत असल्यासारखं केलं. मग माझ्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या आत होत्या, म्हणजे त्यांनीही ते ऐकलं असणार. त्या सरळ येऊन त्या खुर्चीत बसल्या आणि पलीकडच्या बाईंना म्हणाल्या, "सरका जरा. ही माजी जागा हाय."

त्या बुधवारपासून ती त्यांचीच जागा झाली.

मी त्यांना मावशी म्हणते. पहिल्या दिवशी, सामान आत घेताना, मी आजी म्हटलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आजी कुणाला म्हणतीस? मावशी म्हण. न्हाईतर च्या मिळायचा न्हाई." त्या वडूजकडच्या. नर्सिंग शिकायला म्हणून तिकडून निघाल्या आणि सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डांत काढली. डॉक्टरांची इंग्रजी बोलणी दिवसभर कानावर पडत असूनही त्यांनी आपली बोली बदलली नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला होता. खालच्या मजल्यावर त्या राहायच्या आणि वरची एक खोली मला दिली होती.

मी एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. परदेशातल्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहिणं, त्यांच्या शंकांना उत्तरं देणं, नमुन्यांची पाकिटं गेली की कळवणं. ऑफिस गोदामाच्या वरच आहे. संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर, कॉलरवर, कानामागं हळदीची धूळ बसलेली असते. मावशी दारातच हसायच्या. "रोज नवरीसारखी पिवळी होऊन येतीस आणि लगीन काय करत न्हाईस." कामाचं बोलणं सगळं लिहूनच होत असल्यामुळं काही दिवस असे जायचे की संध्याकाळी मावशींना उत्तर देताना माझा आवाज मलाच घोगरा वाटायचा. रविवारी उपासना झाली की मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायची. तिथं एकटं बसलेलं माणूस कुणाला खटकत नाही. संध्याकाळी कोरेगावहून बाबांचा फोन यायचा. उपासनेला गेली होतीस ना? हो. प्रार्थना केलीस ना? हो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

बाबा मराठी शाळेत शिक्षक होते. मला मात्र त्यांनी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. त्या शाळेत सकाळी सगळे रांगेत उभे राहून इंग्रजी प्रार्थना म्हणायचो आणि संध्याकाळी घरी बाबा मराठीत प्रार्थना करायचे. बाबांची प्रार्थना मला अजून ऐकू येते. आधी देवाची लांबलचक नावं, मग आभार, मग कोरेगावातल्या आजाऱ्यांची एकेक करून आठवण, आणि कुठंही न अडखळता शेवट. मी मान खाली घालून ऐकायची. मलाही कधीतरी असं येईल, असं वाटायचं. गणितासारखं, वरच्या वर्गात गेलं की.

मी बारा वर्षांची असताना नाताळच्या जेवणाला सगळे नातेवाईक आमच्याकडं जमले होते. ताटं वाढून झाली आणि काकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मला पाठ येत होती ती शाळेतली. मी उभी राहून ती म्हटली. एकही शब्द चुकला नाही, आणि आमेन म्हणताना मला थोडा अभिमानही वाटला होता. काका म्हणाले, "झालं? साहेबाच्या देवाला कळलं. आता आपल्या देवाला सांग, भात गार व्हायच्या आत."

सगळे हसले. बाबाही हसले.

साहेबाचा देव हे आम्हांला रस्त्यावरची मुलं चिडवताना म्हणायची. घरातलं कुणी ते म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मराठीत सुरुवात केली. बाबांचे पहिले दोन-तीन शब्द आले आणि पुढं काहीच येईना. ताटातल्या भाताची वाफ दिसत होती, तीही थांबली. शेवटी माझ्या चुलतबहिणीनं पटकन दोन वाक्यांत प्रार्थना संपवली आणि सगळे जेवायला बसले. खूप वर्षांनी मी बाबांना या प्रसंगाबद्दल विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं. असं झालं असेल तर काकांनी मस्करी केली असेल, म्हणाले. मस्करीच होती. काका मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारे होते, त्यांच्या मनात दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

पण त्यानंतर मी हात दाबून पुढं पाठवायला लागले. आणि हळूहळू मनात एक गोष्ट पक्की होत गेली, जी मी कुणालाही सांगितली नाही. देव आहे, तो प्रेम करतो, हे मी मानत होते. पण ते प्रेम नीट मागता येणाऱ्यांचं आहे असं मला वाटायचं. बाबांसारख्यांचं. माझ्याबद्दल त्याची तक्रार नसेल, पण माझ्याकडून त्याला काही मिळतही नव्हतं. वर खोलीत मी मनातल्या मनात इंग्रजीत प्रार्थना करायची. त्या ऑफिसच्या मेलसारख्या असायच्या. आधी विषय, मग दोन ओळी मजकूर, शेवटी आभार. एका प्रार्थनेत मी मला एकटं वाटतं असं सांगितलं होतं. लगेच पुढं, तसदीबद्दल क्षमस्व, अशा अर्थाचं काहीतरी जोडलं होतं.

एका संध्याकाळी मावशी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, प्रार्थनेत तू का बोलत नाहीस. मी म्हटलं की मला तसे शब्द येत नाहीत. काकांचं सांगितलं नाही. त्यांनी थोडा वेळ पानं खुडली आणि मग एका पेशंटची गोष्ट सांगितली. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस, कितीतरी महिने बेशुद्ध. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, टाचेखाली उशी ठेवायची. एकदा जरी विसरलं तरी पाठीला जखम होते.

"त्यानं कवा म्हणलं का, सिस्टर, बरं वाटलं? त्याला तर ठावंच न्हाई कुणी वळवलं ते. मग काय आमी त्याला तसाच टाकला?" त्यांनी देठ बाजूला फेकले. "त्याला कळत न्हाई म्हणून आपली ड्यूटी सुटत न्हाई. देवाचं तसंच हाय, पोरी. तुला बोलायला यील तवा यील. न्हाई आलं तरी तू त्याच्या वॉर्डातच हाईस."

मी पुढची जुडी ओढली. मेथी निवडून झाली तेव्हा त्या म्हणाल्या, देठ जास्त ठेवलेस, भाजी कडू होणार. आणि ती झालीही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी खालून भांडं पडल्याचा आवाज आला. मी जिन्यावरून हाक मारली, उत्तर आलं नाही. मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. त्यांनीच मला सांगितलं, जड जिभेनं, पण वॉर्डातल्या नव्या नर्सला सांगावं तसं. झटका आलाय, डावी बाजू गेलीय, रिक्षा नको, ॲम्ब्युलन्स बोलाव, मुलाला नंतर कळव. मी फोन केले. पत्ता सांगितला, खुणा सांगितल्या, एका माणसावर ओरडलेसुद्धा. माझा आवाज कुठं अडला नाही हे दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

दोन आठवड्यांनी त्या घरी आल्या. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं होतं. पायातही थोडी ताकद आली, वॉकर धरून त्या मोरीपर्यंत जायच्या. डावा हात मात्र आला नाही. एकदा मांडीवरची बशी कलंडून गरम चहा त्या हातावर सांडला आणि त्या बोलतच राहिल्या. कातडी लाल होताना मी पाहिली. मी कुठं बघतेय हे बघून त्यांनीही खाली पाहिलं. "बघ की," त्या म्हणाल्या, "कुणीतरी आपला हात माज्या मांडीवर इसरून गेलंय." मी धावत जाऊन गार पाणी आणलं.

दिवसा एक बाई यायच्या. सकाळचं मी करायची. कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठं द्यायची, हे मावशींनी मला पडल्यापडल्या शिकवलं. तो डावा हात मिटलेला राहायचा, आत घाम साचायचा. त्यामुळं रोज बोटं एकेक करून उघडायची, मधली जागा ओल्या फडक्यानं पुसायची, कोरडी करायची. मी ते करत असताना त्या खिडकीबाहेर बघत असायच्या, शेजारच्यांच्या स्कूटरवर बसलेल्या मांजराशी भांडत असायच्या. त्या हाताचं काय चाललंय हे त्यांना पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मी संपलं म्हटलं की त्या म्हणायच्या, "संपलं? सुरू कवा केलंस?"

मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्याचं बरोबर होतं. तिथं लिफ्ट होती, जवळ डॉक्टर होते, नातवंडं होती. घर बंद ठेवायचं होतं. मी दुसरी खोली बघेपर्यंत राहू शकते, असं त्यानं फोनवर फार चांगल्या शब्दांत सांगितलं. गुरुवारी सकाळी गाडी येणार होती, म्हणून त्या आठवड्याची बुधवारची सभा मावशींच्या घरी ठेवली.

बुधवारी सकाळी मी त्यांचा हात पुसत होते. त्या या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

"उद्या मी चालली," त्या म्हणाल्या. "तुजा आवाज एकदा ऐकून गेली असती."

मला कळलं त्या काय म्हणतायत ते. मी बघते म्हटलं, नाही म्हणताना माणूस म्हणतो त्या सुरात. त्यांनी मान हलवली. जबरदस्ती नाही, म्हणाल्या.

ऑफिसात दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. मेलच्या ड्राफ्टमध्ये मी एक प्रार्थना लिहून काढली. मराठी टायपिंग मला जमत नाही म्हणून रोमन अक्षरांत. सुरुवात बाबांसारखी, दयाळू आणि कृपाळू अशी. मध्ये मावशींच्या सेवेबद्दल आभार, मग प्रवासासाठी मागणं. पाच ओळी झाल्या. मी त्या पाठ केल्या. खाली गोदामात पोती उतरत होती आणि मी जिन्यात उभी राहून ओठांतल्या ओठांत म्हणत होते. एका हमालानं वर बघून विचारलं, काय ताई, परीक्षा आहे का. मी हो म्हटलं.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. दहाबारा माणसं आली. मावशींना आम्ही त्यांच्या खुर्चीत नीट बसवलं, माझ्या उजवीकडं. माझ्या डावीकडं त्या बाई बसल्या ज्या त्या दिवशी कपबशा मांडत होत्या. गीतं झाली. मावशींचा सूर वाकडा लागत होता आणि त्या मोठ्यानं गात होत्या. मग पाळकसाहेबांनी हात धरायला सांगितले. मी मावशींचा डावा हात उचलून माझ्या उजव्या हातात घेतला आणि डोळे मिटले.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली. एकेक आमेन माझ्याकडं सरकत येत होतं. मी मनात पाचही ओळी म्हणून पाहिल्या. त्या होत्या. डावीकडच्या बाईंचा नंबर आला. त्यांनी मावशींनी आपलं बाळंतपण कसं केलं ते देवाला सांगितलं, सांगता सांगता त्यांना रडू आलं, आणि त्यांनी आमेन म्हणून माझा हात दाबला.

दयाळू हा शब्द होता. त्याच्यापुढं काही नव्हतं. भाताची वाफ दिसली मला, खरोखर दिसली. आणि माझ्या उजव्या हातानं त्याला सवयीचं होतं ते केलं. तो मिटला. मी पुढं पाठवून मोकळी झाले.

कुणी बोलेना.

मला वाटलं मावशी शब्द जुळवतायत. पण त्या कधी शब्द जुळवत नसत. त्यांचा नंबर आला की लगेच त्या देवाशी बोलायला लागायच्या. मी पुन्हा हात दाबला, जरा जोरानं. मळलेल्या कणकेसारखा तो दबला आणि तसाच राहिला. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. ज्या हाताची बोटं मी रोज सकाळी उघडत होते, ज्याच्यावरचा गरम चहासुद्धा त्यांना कळला नव्हता, त्या हाताला मी निरोप दिला होता. तो कुठंही पोचला नव्हता. साखळी माझ्यापाशीच थांबली होती.

मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. डावीकडच्या बाईंनी माझा हात दाबला होता, त्यांना माहीत होतं नंबर कुणाचा आहे. पण त्या गप्प होत्या, आणि त्यांनी हात सोडलाही नव्हता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी खाकरलं. मी मावशींच्या खांद्याला हात लावून त्यांना हळूच सांगू शकले असते. मावशी, तुमचा नंबर. त्यांनी लगेच सुरू केलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचं वाकडं झालेलं तोंड थोडं उघडं होतं. माझ्या आवाजाची वाट बघत असतील तर तसं काही चेहऱ्यावर नव्हतं. ड्यूटी संपायची घाई नसलेलं माणूस बसतं तशा त्या बसल्या होत्या. मी खाली आमच्या हातांकडं पाहिलं. त्यांच्या हातानं माझा हात धरला नव्हता. त्याला धरता येत नव्हतं, आणि आपण कुणाच्या हातात आहोत हेही त्याला कळत नव्हतं. तरी तो माझ्या हातात होता. सुटलेला नव्हता. मी त्याच्याकडून काही मिळावं म्हणून तो धरला नव्हता, रोज पुसताना तर नाहीच. मग मला वाटलं, ही सगळी वर्षं मी देवाच्या हातातून माझा हात सुटलाय असं समजत आले, कारण मला नीट धरता आलं नाही.

दुसरी शिट्टी झाली. मी डोळे मिटले नाहीत. आवाज दिवसभर न बोलल्यासारखा घोगरा निघाला, आणि पाच ओळींतली एकही त्यात नव्हती.

मी म्हटलं, "देवा, नंबर माझा आहे. मावशींना डाव्या हातातलं कळत नाही, पण तो मी धरलाय. उद्यापासून तू धर. आणि मला इथं फार एकटं वाटतं, हे मी तुला आधी इंग्रजीत सांगितलं होतं. तू ऐकलं असशील. आमेन."